मोहाची भट्टी कुणी विझवली?

मार्च संपता संपता भंडारा जिल्ह्यातल्या मोहाची पाने झडतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुपके धरतात. फुले रात्रीतून गळतात. लाखनी, साकोली, कोका, नागझिरा या पट्ट्यातली माणसे तांबडे फुटायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात, कारण ऊन चढले की फूल कोमेजते आणि उशीर झाला की रानडुकरे, हरणे, अस्वले आपला वाटा आधीच उचलतात. याच दिवसांत मोहफूल वेचणाऱ्यांवर वाघाने किंवा अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या पूर्व विदर्भातून दरवर्षी येतात. एवढा जीव धोक्यात घालून वेचलेले फूल अंगणात वाळते, पोत्यात भरले जाते आणि त्यातले बरेचसे गावातल्या व्यापाऱ्याकडे जाते. त्याचे पुढे काय होते याची चौकशी वेचणारा करत नाही. ते त्याला चांगले ठाऊक असते.

वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच असते.  1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांतातली कित्येक कुटुंबे मोहफुलांवर तगली. फूल भाजून तिळाबरोबर कुटायचे, त्याचे लाडू वळायचे, पिठात मळून भाकर थापायची. फळातल्या टोळीचे तेल काढायचे. म्हणून शेतात नांगर घालताना बाकीची झाडे तोडली तरी बांधावरचा मोह राखला जाई. आणि याच साखरेची दारूही होई.

कृती साधी, पण हाताला सवय लागते. वाळलेली फुले पाण्यात भिजवून माठात झाकून ठेवायची. हा सडवा उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत उकळी आल्यासारखा फसफसतो, थंडीत जास्त दिवस घेतो. फेस बसला आणि आंबूस वास पालटला की सडवा चुलीवरच्या मडक्यात ओतायचा, त्यावर दुसरे मडके बसवायचे, सांधे मातीने लिंपायचे. वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरते आणि थेंब थेंब जमते. आधी उतरते ती पहिल्या धारेची. पुढची धार हलकी होत जाते. जाळ जास्त झाला की सडवा करपतो आणि वास दारूत उतरतो, कमी झाला की धार तुटते. कुठल्या झाडाचे फूल, किती वाळलेले, कोणते पाणी, किती दिवसांचा सडवा यावर चव ठरे. शहरातल्या ब्रुअरीत आज ज्याला ‘क्राफ्ट’ म्हणतात, ते कसब पूर्व विदर्भात गावोगाव होते.

हे कसब दोन ठिकाणी नांदले. गोंडांच्या घरी मोहाची दारू देवकार्याला लागे. जन्म, लग्न, मरण यांत देवाला आणि पितरांना तिची धार दिल्याशिवाय विधी पुरा होत नसे. धंदा म्हणून ती गाळली कलारांनी. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर 1916 साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कलार समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. दारू गाळणारा, विकणारा आणि त्यातून सावकारीकडे वळलेला हा समाज त्या काळच्या गावगाड्यात किती महत्त्वाचा होता, ते त्यावरून ध्यानात येते. आज भंडाऱ्यात कलार समाजाची माणसे शेतीत, नोकरीत, व्यापारात, राजकारणात आहेत. पिढीजात धंदा मात्र हातून गेला, आणि तो कसा गेला हे सांगण्याजोगे आहे.

इंग्रजी अमदानीत सुरुवातीला सरकार गावच्या किंवा परगण्याच्या भट्टीचा लिलाव करी. ज्याने बोली जिंकली त्याने ठरलेली रक्कम भरायची आणि हवी तेवढी दारू गाळायची. या पद्धतीत दारू स्वस्त होती, चव गावाची होती आणि सरकारच्या दृष्टीने महसूल निसटत होता. मग सरकारी आवारात सदर भट्टी आली: कलाराने तिथे येऊन गाळावे, गॅलनमागे कर द्यावा. भारतीय आबकारी समिती 1905-06 मध्ये बसली आणि तिने कंत्राटी पुरवठ्याच्या बाजूने कौल दिला. मोठ्या डिस्टिलरीने एकगठ्ठा दारू बनवावी, ठरावीक भावाने ती दुकानदारांना द्यावी, आणि दुकानदाराने फक्त विकावी. कमीत कमी पिण्यातून जास्तीत जास्त महसूल, हे या धोरणाचे उघड सांगितलेले सूत्र होते. 1915 च्या मध्य प्रांत आबकारी कायद्याने ही चौकट पक्की केली.

माझ्या मते भट्टीवरचा खरा घाव हाच. डिस्टिलरीतली दारूही तेव्हा मोहाचीच होती, त्यामुळे पिणाऱ्याला फरक फारसा जाणवला नसेल. पण गाळणारा आणि विकणारा यांची त्या दिवशी फारकत झाली. गाळायचे कसब कारखान्यात गेले, कलाराच्या हाती दुकानाचा गल्ला राहिला, आणि गावात जो कुणी गाळत राहिला तो गुन्हेगार ठरला. मुंबई इलाख्यात याहून कठोर पाऊल पडले होते. 1892 च्या म्हवडा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत थेट मोहफुलांच्या साठवणीवर आणि वाहतुकीवरच निर्बंध घातले. झाडाखाली पडलेले फूल उचलून घरात ठेवणे गुन्हा ठरू शकते, ही कल्पना तिथून आली.

ती कल्पना भंडाऱ्यापर्यंत यायला राज्यपुनर्रचना व्हावी लागली. 1956 मध्ये विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा इकडे लागू झाला. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. तिथल्या आणि छत्तीसगडच्या आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळायची मुभा पुढेही राहिली. अलीकडच्या काठावर तोच सडवा, तेच मडके आणि तीच पूजा असून पोलिसांचे कलम 65 लागते. एकाच गोंड गोतावळ्यातली माणसे दोन्ही काठांवर राहतात, त्यांना हा भेद कुणी कसा पटवून द्यावा?

कडक दारूबंदी साठच्या दशकात सैल झाली. 1973 मध्ये महाराष्ट्र देशी मद्य नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूची दुकाने उघडली. ही देशी मळीची होती. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची चाके फिरू लागली, त्यामागे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली, आणि साखर काढून उरलेल्या मळीला गिऱ्हाईक हवे होते. मळीच्या स्पिरिटला संत्र्याचा स्वाद लावून बाटली लाखनीच्या बाजारात आली. नागपूर-भंडाऱ्याच्या माणसाने आपल्या जंगलातले फूल विकायचे आणि नगर-कोल्हापूरच्या उसाची दारू विकत घ्यायची, हा व्यवहार तेव्हापासून चालत आला आहे. मोहाच्या अर्थकारणावर बोलताना ही गोष्ट सहसा कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

चव बदलली ती त्यानंतर. मोहाच्या दारूला फुलाचा दाट, किंचित धुरकट वास असतो. तो तोंडाला येतो, कपड्यांना येतो, आणि हळूहळू तो गरिबीचा वास मानला जाऊ लागला. लग्नात पाहुण्यांपुढे सीलबंद बाटली ठेवणे प्रतिष्ठेचे झाले. तरुण मुले बिअरकडे वळली, आणि तीही कडक बिअरकडे. देशातली बिअरची आवड या काळात पार उलटली. मोहन मीकिनची ‘गोल्डन ईगल’ एकेकाळी देशभर चाले, मुंबईत ‘लंडन पिल्सनर’चे नाव होते, दोन्ही सौम्य चवीच्या. मग शॉ वॉलेसची ‘हेवर्ड्स 5000’ आली, 1999 मध्ये ‘किंगफिशर स्ट्राँग’ आली, आणि आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या कडक बिअरने बाजाराचा मोठा हिस्सा व्यापला. कारण उघड आहे. अल्कोहोल कमी असो वा जास्त, बाटलीवरच्या कराचा आणि किमतीचा भार फारसा हलका होत नाही. मग ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत तो जास्त चढणारी बाटली घेतो. चवीसाठी पिणे ही चैन ठरली.

महाराष्ट्रातली बिअर मुख्यतः औरंगाबादच्या वाळूज परिसरात बनते, तीही जायकवाडीच्या पाण्यावर. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली, तेव्हा हे पाणी कुठे जाते ते राज्याला कळले. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यातला माणूस मराठवाड्याच्या तहानेतून आलेली बाटली पितो. ही बाटली जिथे विकली जाते ते लाखनी मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर आहे. महामार्गाच्या कडेची दुकाने हटवा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2017 मध्ये अंमलात आला, तेव्हा अंतर पाचशे मीटर की दोनशे वीस, आणि नगरांच्या हद्दीला सूट की नाही, यावर महाराष्ट्रभर मोजपट्ट्या फिरल्या. बाटलीत काय आहे आणि ते कुठून आले, हा प्रश्न त्या मोजणीत नव्हता.

गावातली भट्टी बंद पडली नाही, ती जंगलात आणि नाल्याकाठी लपली. लपल्यामुळे बिघडली. धाड पडायच्या आत गाळून संपवायचे असेल तर सडव्याला दिवस कोण देणार? काळा गूळ आला, नवसागर आला, मडक्याच्या जागी पत्र्याचे पिंप आले. पूर्व विदर्भातल्या वर्तमानपत्रांत ‘मोहसडवा नष्ट’ अशी बातमी अधूनमधून असतेच, आणि ज्याला अजून मोह म्हणतात त्यात मोह किती, हे पिणाऱ्यालाही सांगता येत नाही. मुंबईतल्या मालवणीत 2015 च्या जूनमध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे मारली. तिचा मोहाशी काही संबंध नव्हता. तरी अशा प्रत्येक घटनेनंतर ‘गावठी’ या एका शब्दाखाली सगळे एकत्र झोडपले जाते.

इथे थांबून बायांचे म्हणणे ऐकले पाहिजे. पूर्व विदर्भातला दारूविरोधी लढा बायांनी उभा केला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेभोवती उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. 2016 पासून तिथे ‘मुक्तिपथ’ काम करते आहे, आणि गावोगावच्या महिला सडव्याची पिंपे ओतून देतात. चंद्रपुरात 2015 साली बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. भंडारा-गोंदियाला जिल्हाबंदी नाही, पण दुकान बंद करण्यासाठी आडवी बाटली-उभी बाटली मतदानाचा मार्ग इथेही खुला आहे. नवऱ्याच्या मजुरीचे पैसे दारूत जाताना जिने पाहिले, तिच्यापुढे चवीचा आणि वारशाचा मुद्दा मांडताना माझीही जीभ अडखळते. तिचा राग खरा आहे. मात्र मोहाची भट्टी मोडल्याने तिच्या घरातली दारू थांबली नाही. मडके गेले आणि बाटली आली; बाटलीचा पैसा मात्र गावात राहिला नाही.

शहरांत मोहाला आता वेगळाच मान मिळतो आहे. डहाणूच्या साऊथ सीज डिस्टिलरीजने ‘सिक्स ब्रदर्स’ नावाने मोहाची उंची दारू आणली, ‘डेसमंडजी’ने गोव्यात मोह विकायला सुरुवात केली. मध्य प्रदेशाने 2022 मध्ये वारसा मद्याचे धोरण करून अलिराजपूर आणि दिंडोरीच्या आदिवासी बचतगटांना परवाने दिले. तिथली ‘मोंड’ आणि ‘मोहुलो’ ही नावे त्यातलीच. महाराष्ट्राने 2021 मध्ये मोहफूल गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठवले. फूल मोकळे झाले, गावातले गाळणे जसेच्या तसे बंद राहिले. 2025 च्या जूनमध्ये ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा प्रकार आला, तोही धान्यापासूनचा. 180 मिलीला देशी 80 रुपये, हा नवा प्रकार 148, विदेशी 205 अशी किमान किमतींची उतरंड सरकारने लावली. जंगलातल्या फुलाला तिच्यात पायरी नाही.

गोव्यात काजूच्या बाबतीत वेगळे घडले. काजूचा हंगामही मोहासारखाच उन्हाळ्याचा. डोंगरावर बोंडू तुडवून रस काढायचा, आंबवायचा, भट्टीत गाळायचा, पहिल्यांदा उर्राक आणि पुन्हा गाळून फेणी. पण तिथे लहान भट्टीवाल्याला परवाना मिळत राहिला, म्हणून कसब हातात राहिले. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये तिला राज्याचे वारसा पेय म्हणून मान्यता मिळाली. मानांकन मिळाले तेव्हा भट्टी चालू होती, ही गोष्ट महत्त्वाची. मोहाच्या बाबतीत उशीर झाला आहे, पण चांगला सडवा ओळखणारी नाके अजून गावांत आहेत.

म्हणून मागणी नेमकी असावी. वनहक्क कायद्याने मोहफूल ज्या ग्रामसभेच्या हक्कात आहे, तिलाच लहान भट्टीचा परवाना मागता यावा. वर्षाला किती लिटर गाळायचे त्याची मर्यादा असावी. प्रत्येक खेप तपासल्याशिवाय विक्री नसावी आणि विक्री गावाबाहेर, बाटलीबंद असावी. आणि अर्जाला महिला ग्रामसभेची संमती असल्याशिवाय तो घेतलाच जाऊ नये. ती संमती त्यांना दरवर्षी काढून घेता यावी. मुंबईतल्या टेबलावरची मोहाची महागडी बाटली ज्या फुलातून येते, त्या फुलासाठी पहाटे जंगलात जाणाऱ्या लाखनीच्या बाईला आज मिळतो तो फक्त वाळल्या फुलाचा भाव.