मिनिटाला 12 किलोमीटर

घाटंजीहून यवतमाळ साधारण 40 किलोमीटर. गाडी लगेच मिळाली तर तासाभराची वाट. लकव्याच्या रुग्णाच्या मेंदूत या एका तासात काय होतं, त्याचा हिशेब मी मांडला आणि हादरलो.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबून लकवा मारतो तेव्हा दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असं अमेरिकेतल्या डॉ. जेफ्री सेव्हर यांनी 2006मध्ये मांडलं. तासाचे झाले 11 कोटी 40 लाख. 2011च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा होता! पेशींना जोडणारे तंतू मिनिटाला 12 किलोमीटर तुटतात, म्हणजे तासाला 720. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे.

एवढ्या संहाराचं मूळ कधीकधी मानेत असतं. तिथली रोहिणी आतून जेमतेम चार-पाच मिलिमीटर, पऱ्हाटीच्या काडीएवढी. तिच्या अस्तराला चीर पडली की रक्त भिंतीत शिरतं, वाट अरुंद होते, गुठळी धरते आणि सुटून मेंदूत जाते. गाडीचा अपघात, कटिंगच्या दुकानात कडकन मोडलेली मान, जोराची शिंक. कित्येकदा तर कारणच सापडत नाही. गुठळीमुळे येणाऱ्या एकूण लकव्यांत अशा चिरेमुळे येणारे शंभरात दोनच, पण तरुणांत पाचातला एक. अमेरिका-फ्रान्समध्ये अशी चीर पडलेले लाखामागे वर्षाला तिघांच्या आसपास सापडतात. तोच दर यवतमाळ जिल्ह्याच्या 27 लाख 72 हजारांना लावला तर आकडा 80च्या वर जातो.

पण हा आजार बहुधा आधी सांगावा धाडतो. मानेच्या एकाच बाजूला किंवा डोळ्याभोवती, पूर्वी कधी नव्हतं असं दुखणं. आरशात पाहावं, तर कधीकधी त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली, बाहुली दुसरीपेक्षा बारीक. पुढे लकवा येईपर्यंत काही तास, कधी काही दिवस हाताशी असतात. ते बाम चोळण्यात घालवू नका, मान तर मुळीच मोडून घेऊ नका. मानेचा सीटी अँजिओ केला की चीर सहसा दिसते. उपचारही आवाक्यातले आहेत. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत 250 रुग्णांपैकी काहींना ॲस्पिरिनसारख्या गोळ्या, बाकीच्यांना रक्त पातळ करणारी औषधं दिली. तीन महिन्यांत लकवा मारला तो फक्त 4 जणांना.

तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली तर मात्र लगेच 108ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. निघताना माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. दवाखान्यात आधी तेच विचारतात.