खेळ मध्येच बंद का पडतो? संगणकाच्या स्मृतीतील दोष आणि त्यांचा शोध

हैदराबादमधील कोठी हा परिसर मराठी वाचकास अपरिचित नाही. विवेक वर्धिनीसारखी जुनी शिक्षणसंस्था याच भागात आहे, आणि येथील गुजराती गल्ली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. सुटे भाग निवडून खेळासाठी वेगवान संगणक जोडून घेण्याची रीत अलीकडे तरुणांत रूढ झाली आहे. असा संगणक घरी आला की मुले त्यावर खेळतात आणि वडीलधारी मंडळी त्यावरच शाळेची निकालपत्रके किंवा संस्थेचे हिशेब तयार करतात. म्हणून खेळ मध्येच बंद पडून पडदा निळा (नव्या विंडोजमध्ये काळा) होऊ लागला, तर ती केवळ मुलांची तक्रार समजून सोडून देणे योग्य नव्हे.

संगणकाची स्मृती, म्हणजे बाजारातील भाषेत रॅम, हे चालू कामाचे कागद पसरण्याचे मेज होय, कपाट निराळे. तक्रारीही दोन प्रकारच्या असतात. मेज अपुरे पडले तर बहुधा संगणक मंदावतो आणि तेवढा खेळ बंद होतो. टास्क मॅनेजर उघडून पाहिल्यास स्मृती जवळजवळ भरलेली आढळते. अशा वेळी इतर कार्यक्रम बंद करावेत. वेग वाढेल या समजुतीने काहीजण विंडोजची पेजिंग फाइल बंद करून ठेवतात. ती पूर्ववत स्वयंचलित करावी. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

मेजच सदोष असेल तर लक्षणे वेगळी दिसतात. संपूर्ण संगणक एकाएकी थांबतो किंवा पुन्हा सुरू होतो, आणि प्रत्येक वेळी संदेश निराळा असतो. पत्र टंकताना काही होत नाही, खेळतानाच होते, याचे कारण साधे आहे. पत्राला स्मृतीचा लहानसा कोपरा पुरतो. खेळ मात्र कित्येक गिगाबाइट जागा व्यापतो, यंत्र तापवतो आणि एरवी न वापरलेल्या सदोष भागापर्यंत पोहोचतो.

येथे घाईने नवी रॅम आणण्याचा मोह टाळावा. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने वाढले, हे लक्षात घेता तर विशेषच. पाकिटावर ३,२०० किंवा ३,६०० असा वेग छापलेला असतो. तो बहुधा एक्सएमपी ही सोय चालू केल्यावरच मिळतो. डीडीआर-४ रॅमचा प्रमाणित विद्युतदाब १.२ व्होल्ट आहे, तर या सोयीत तो बहुधा १.३५ व्होल्ट होतो. प्रत्येक मदरबोर्ड व प्रोसेसर हा भार पेलतोच असे नाही. म्हणून प्रथम बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करावी व दोन दिवस नेहमीप्रमाणे खेळून पाहावे. तक्रार थांबली तर एक पायरी कमी वेग ठेवणे पुरेसे ठरते. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, भिन्न कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र बसविल्या असतील तर संशय अधिक बळावतो.

तक्रार कायम राहिल्यास वीजपुरवठा तोडून पट्ट्या काढाव्यात व ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा नीट बसवाव्यात. दोनच पट्ट्या असतील तर चारांपैकी दुसरा व चौथा स्लॉट बहुतेक मदरबोर्डांत योग्य असतो. माहितीपुस्तिका अवश्य पाहावी. त्यानंतर मेमटेस्ट ८६ प्लस हा विनामूल्य कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एक चूक निघाली तरी ती नगण्य मानू नये. चूक आढळल्यास प्रत्येक पट्टी एकाच स्लॉटमध्ये स्वतंत्रपणे तपासावी. चूक पट्टीबरोबर जात असेल तर पट्टी सदोष. प्रत्येक पट्टीवर त्याच स्लॉटमध्ये दिसत असेल तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर तपासावा लागतो.

पडद्यावरील संदेश प्रमाण मानता येत नाही, याचे उदाहरण २०२४ मध्ये जगभर पाहावयास मिळाले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई. मूळ दोष मात्र प्रोसेसरला मिळणाऱ्या विद्युतदाबाचा होता. इंटेलने सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. असा प्रोसेसर असल्यास बायॉस अद्ययावत करून घ्यावे.

स्मृतीतील चूक नेहमी संगणक बंद पाडतेच असे नाही. कधी ती मुकाट्याने आकडा बदलून जाते, आणि आमच्या मते खरा धोका तोच. बेल्जियममधील स्कारबेक येथे २००३च्या निवडणुकीत एका उमेदवाराला शक्य नव्हती इतकी मते दिसली. फेरमोजणीत ४,०९६ मते जादा निघाली. ही संख्या दोनाचा बारावा घात असल्याने स्मृतीतील एकच बिट उलटले असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. शाळेच्या निकालपत्रात असा फरक सहज डोळ्यांत भरेलच असे नाही. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावर दप्तरी काम करू नये, आणि आधी तयार केलेल्या नोंदी मूळ कागदांशी ताडून पाहाव्यात.

सदोष पट्टी दुकानात नेताना पावती व चाचणीच्या पडद्याचे छायाचित्र सोबत असावे. जोडीने घेतलेल्या पट्ट्यांपैकी एकच बिघडली असली तरी दोन्ही घेऊन जाव्यात, म्हणजे बदलून मिळणारा संच एकसारखा राहतो.