सागरतळाशीं हरवलेलें विमान

मालवणच्या दर्यांत जाळें टाकणाऱ्या गाबीत बांधवांस समुद्राचा तळ डोळ्यांनीं दिसत नाहीं. तथापि त्याची ओळख त्यांस चांगली असते. जाळें ज्या जागीं वारंवार अडकतें व फाटतें, तेथें खडक किंवा बुडालेली एखादी वस्तु असली पाहिजे, असें ते अनुमान बांधतात आणि किनाऱ्यावरील डोंगर, देऊळ व माड यांच्या रेघा जुळवून ती जागा ध्यानांत ठेवतात. समुद्रांत पडलेल्या विमानाचा शोध घेणारे शास्त्रज्ञहि याच मार्गानें जातात. यंत्रें नवीं असलीं तरी अनुमानाची रीत जुनीच आहे.

मालवणच्या दक्षिणेस गोव्याच्या समुद्रांत अशा शोधाचा प्रसंग अलीकडेच आला. ता. २६ नोव्हेंबर २०२० रोजीं सायंकाळीं पांचच्या सुमारास भारतीय आरमाराचें दोन आसनांचें मिग-२९के जातीचें लढाऊ विमान समुद्रांत कोसळलें. एका वैमानिकास वांचविण्यांत आलें. दुसरे, कमांडर निशांत सिंग, सांपडले नाहींत. नऊ युद्धनौका व चौदा विमानें शोधास लागलीं. किनाऱ्यावरील कोळीवाड्यांनाहि सूचना गेल्या. तीन दिवसांनीं विमानाचीं चाकें, इंधनाची टाकी वगैरे कांहीं अवशेष मिळाल्याचें जाहीर झालें. कमांडर सिंग यांचा देह मात्र अकराव्या दिवशीं, किनाऱ्यापासून सुमारें ३० मैलांवर, ७० मीटर खोल तळाशीं सांपडला.

एवढ्या नौका व विमानें असतांहि इतके दिवस कां लागावेत? विमान कोठें पडलें हें अचूक ठाऊक असणें विरळा. अखेरचा संदेश, रडारवरील अखेरची नोंद, वेग, उंची व दिशा यांवरून एक बिंदु मिळत नाहीं, तर एक विस्तीर्ण टापू मिळतो. त्यांतच वारा व प्रवाह भर घालतात. कोंकण किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यांत सामान्यतः दक्षिणेकडे व हिंवाळ्यांत उत्तरेकडे वाहतो. आसनाची गादी किंवा पंखाचा हलका तुकडा त्याबरोबर दूर जातो. इंजिनासारखे जड भाग पडल्या ठिकाणाच्या आसपासच तळ गांठतात. म्हणून तरंगती वस्तु हातीं आली कीं ती किती वेळ व कोणत्या दिशेनें वाहत आली असेल याचें गणित उलट मांडावें लागतें.

टापू ठरला म्हणजे ध्वनीचें साह्य घेतात. पाण्यांत प्रकाश लवकर मावळतो, पण ध्वनि दूरवर जातो. नौकेमागें दोरानें ओढलेलें सोनार यंत्र दोन्ही बाजूंस ध्वनिलहरी सोडतें व परत येणाऱ्या पडसादांवरून तळाचें चित्र रेखाटतें. शेतकरी तासामागून तास धरून शेत नांगरतो, त्याप्रमाणें नौका समांतर पट्ट्यांनीं सारा टापू पालथा घालते. चुंबकीय यंत्रहि वापरतात. परंतु विमानाचें अंग बहुतांशीं अल्युमिनियमचें असल्यानें त्याला पोलादी भागांचाच सुगावा लागतो. संशयित आकृति दिसली कीं पाणबुडे किंवा कॅमेरा लावलेलें मनुष्यरहित यंत्र खालीं धाडतात. हौशी पाणबुड्यांची मर्यादा ४० मीटर मानली जाते; तेव्हां ७० मीटरांवर उतरणें हें विशेष शिक्षणाचें काम होय.

महायुद्धांतील विमानाचा शोध याहून बिकट असतो, कारण मध्यें अर्धें शतक लोटलेलें असतें. फ्रेंच लेखक व वैमानिक आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी हे ता. ३१ जुलै १९४४ रोजीं कॉर्सिका बेटावरून टेहळणीस निघाले, ते परतलेच नाहींत. लाइटनिंग या लढाऊ विमानाची टेहळणीसाठीं केलेली आवृत्ति ते चालवीत होते. पुढें १९९८ सालीं मार्सेयजवळील रिऊ बेटापाशीं एका कोळ्याच्या जाळ्यांत रुप्याची साखळी आली. तीवर सेंत-एक्झ्युपेरी यांचें व त्यांच्या पत्नीचें, कोन्स्वेलोचें, नांव कोरलेलें होतें. ती बनावट असावी असा संशय अनेकांनीं घेतला. २००० सालीं एका पाणबुड्यानें त्याच भागांत अवशेष पाहिले, २००३ सालीं त्यांतील कांहीं वर काढले आणि एका तुकड्यावर कारखान्याचा २७३४ हा अंक सांपडला. तो त्यांच्याच विमानाचा असल्याचें एप्रिल २००४ मध्यें निश्चित झालें. जाळ्यानें जागा दाखविली. खात्री त्या अंकानें पटविली.

यावरून किनाऱ्यावरच्या माणसानें एक गोष्ट ध्यानीं घ्यावयाची. जाळ्यांत अनोळखी धातूचा तुकडा आला तर तो फोडूं अथवा भंगारांत विकूं नये. त्यांत स्फोटक द्रव्य असण्याचा संभव असतो आणि त्यावरील लहानसा अंकच पुरावा ठरतो. कोठें व किती खोलीवर जाळें अडकलें हें टिपून ठेवावें व सागरी पोलिसांस कळवावें. ओढीच्या जाळ्यांनीं अवशेष मूळ जागेहून फरफटत जातात. त्यामुळें तत्काळ केलेल्या नोंदीचें मोल मोठें असतें.

कमांडर सिंग यांच्या घरच्यांस उशिरां कां होईना, अंत्यसंस्कार करतां आले. कोन्स्वेलो १९७९ सालीं वारल्या. आपला पति कोठें पडला हें त्यांस अखेरपर्यंत कळलें नाहीं. त्यांचें नांव कोरलेली साखळी तेव्हांहि समुद्राच्या तळाशींच होती.