घरात कोण आहे ते आधी पाहू

पहाटे साडेपाच

गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना गल्ल्या फुटतात. छोटे प्लॉट, भिंतीला भिंत, वर पत्र्याची शेडं आणि पाण्याच्या टाक्या. एका गच्चीवरून निघालेलं जनावर जमिनीला पाय न लावता गल्लीच्या टोकाला पोचू शकतं. आज अशाच एका गच्चीवर आलोय.

"आठ दिवस झाले भाऊ, रात्री दीड-दोनला वर कोणीतरी धपाधप पळायलंय," घरातले मामा जिना चढताना सांगतात. "पोरगं म्हणतंय बिबट्याचं पिल्लू असंल."

पोराच्या डोक्यात बिबट्या येणं साहजिक आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ भागात बिबट्या शिरला होता. वनविभागाने तो बेशुद्ध करून पकडला. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीतल्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. तेव्हापासून शहरात गच्चीवर बादली लवंडली तरी आधी त्याचंच नाव निघतं.

काल रात्री झोपण्याआधी शेडमध्ये, कठड्यालगत आणि पाईपाशेजारी रांगोळीचा पातळ थर चाळून ठेवायला मी मामांना सांगितलं होतं. आता अजून अंधार आहे, आणि ठसे वाचायला हीच वेळ चांगली. बॅटरी वरून मारली तर काहीच कळत नाही. ती फरशीला टेकवून आडवी धरायची; मग प्रत्येक ठशाची कड सावली टाकते. कठड्यापासून पत्र्याखालच्या फटीपर्यंत ठशांची ओळ गेलेली आहे. एका ठशाजवळ गुडघे टेकून बसतो. बोटं मोजतो: पाच. मागच्या पावलाची टाचसुद्धा थोडी उमटली आहे. मांजर असतं तर चार बोटं आणि नखं नाहीत. कुत्र्याची चारच, पण नखांसकट. मुंगसाची पाच असतात, नखं लांब उमटतात. पण मुंगूस दिवसा फिरतो, रात्री दोनला पत्र्यावर धावत नाही. बिबट्याचा तर प्रश्नच नाही.

टाकीमागे दुसरा पुरावा मिळतो. एकाच कोपऱ्यात विष्ठेचा ढीग, त्यात जांभळाच्या बिया आणि काळ्या चकचकीत चिकूच्या बिया, जवळपास अख्ख्या. हे उदमांजर. आमच्याकडे जुनी माणसं त्याला मसण्याऊद म्हणतात आणि नावासरशी घाबरतात. माणसाच्या वाटेला ते जात नाही. फळं, उंदीर, किडे खातं आणि दिवसभर अशा फटीत झोपतं.

"मग आता फट सिमेंटनं बंद करू का?" मामा विचारतात.

आत्ता अजिबात नाही. आत झोपलेलं असलं तर ते आतच मरेल. आत पिल्लं असली आणि आई बाहेर अडकली, तर ती रात्रभर पत्रा उचकटत बसेल. फटीत वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबून ठेवायचा. सकाळी बोळा बाहेर पडलेला दिसला तर आत राहणारं कोणीतरी आहे. ओळीने तीन रात्री बोळा हलला नाही की मग खुशाल जाळी मारा. तोवर शेजारच्या चिकूची पिकलेली फळं खाली पडू द्यायची नाहीत आणि शेडमधला उष्ट्याचा डबा झाकून ठेवायचा. मामांना हे पटतं. पोरगं जरा हिरमुसतं. त्याला पाच बोटांचा फोटो काढू देतो.

साडेसात

चहा होईस्तोवर मोबाईलवर, घरात काय शिरलंय असं विचारणाऱ्यांचे फोटो येऊन पडलेले असतात. निम्मे हललेले, उरलेल्यांतले बरेच लेंड्यांचे. लेंड्यांच्या फोटोंचा मला कधी कंटाळा येत नाही, कारण जनावर दिसत नाही तिथे तेच त्याचं नाव सांगतात. काळी लेंडी आणि तिच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची. दोन्ही टोकांना निमुळती आणि घट्ट असेल तर उंदराची. भिंतीच्या उंच फटीखाली साचलेली, चिमटीत दाबताच भुगा होणारी आणि भुग्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसणारी वटवाघळाची. चिमटीत म्हणजे कागदाच्या. उघड्या बोटांनी नाही. हे प्रत्येकाला परत परत लिहून पाठवतो.

मग माझे ठरलेले प्रश्न. आवाज दिवसा येतो की रात्री? धावल्याचा की कुरतडल्याचा? जमिनीलगत की छतात? वास कसला? घराशेजारी रिकामा प्लॉट आहे का? एवढ्यावर बहुतेक वेळा अंदाज बांधता येतो.

आज एक फोटो चांगला आलाय. दाराच्या चौकटीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तपकिरी साप, अंगावर फिकट पट्टे. सोबत निरोप: "मण्यार आहे, मारू का?" लगेच फोन करतो. पट्टे मानेपासूनच सुरू झालेत, पुढे ठळक आहेत आणि शेपटीकडे विरत गेलेत. शिवाय साप चौकटीवर चढलाय. हा कवड्या. बिनविषारी, पाली खायला घरात येणारा, भिंत चढण्यात तरबेज. दार उघडं ठेवा, लांबून लक्ष ठेवा, पोहोचतो. मी जाईपर्यंत तो बाहेरच्या विटांत निघून गेलेला असतो, आणि घरातली काठी कोपऱ्यातच राहिलेली असते. याचंच मला समाधान.

दहा

दुकान उघडतो. हार्डवेअरचं दुकान आणि हे काम एकमेकांना धरून चालतात. लोक फोनवर साप म्हणतात, घूस म्हणतात आणि शेवटी जाळी न्यायला काउंटरवर येतात. पाव इंची जाळी द्यायची, कारण अर्ध्या इंचातून घरउंदराचं पिल्लू सहज निसटतं. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी. नहाणी ट्रॅपला जाळी असलेलं झाकण.

चिकट पॅड मी दुकानात ठेवत नाही. उंदरासाठी लावलेल्या त्या पॅडवर पाली, कवड्या, चिमण्या अडकलेल्या मी पाहिल्यात. तडफडत, कातडी सोलली जात, तासन्‌तास. कोणी तसा साप घेऊन आलं तर खाद्यतेल लावून एकेक खवला सोडवावा लागतो, आणि तरी तो जगेलच असं नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, ही वस्तू या काउंटरवरून जाणार नाही.

साडेअकरा

मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्या आहेत. तिथल्या मावशींच्या स्वयंपाकघरात वास सुटलाय, आणि रात्री सिलिंडरमागे चिकचिक असा बारीक आवाज येतो. त्यांनी उंदराचं औषध आणून ठेवलंय; मी पोचतो तेव्हा ते ज्वारीच्या पोत्याशेजारी उघडं पडलेलं आहे. आधी ते उचलायला लावतो. घरात रांगणारं मूल आहे.

पोतं तपासतो. कुठे कुरतडलेलं नाही, टरफलं नाहीत. म्हणजे आत येणाऱ्याला धान्याशी देणंघेणं नाही. सिलिंडर सरकवल्यावर भिंतीच्या कडेने एक करडी लांबट आकृती सुळकन जाते: लांब सोंडेसारखं नाक, डोळे जेमतेम, जाडसर शेपटीवर विरळ केस. चिचुंद्री. तो वास तिच्या अंगातल्या ग्रंथींचा. दिसायला उंदरासारखी असली तरी ती उंदराच्या कुळातली नाही. झुरळं आणि किडे हे तिचं मुख्य खाणं.

"म्हणजे ही झुरळासाठी येती?" मावशी विचारतात.

ओट्याखालचं कपाट उघडतो. झुरळं एवढी आहेत की उत्तर द्यावं लागत नाही. मग आम्ही दोघं कपाट रिकामं करतो, गळणारा नळ बघतो आणि मोरीच्या पाईपाभोवतीची फट मोजतो. चिचुंद्रीला कोणी पकडत नाही. रात्री ती बाहेर गेली की फट बंद करायची, एवढंच ठरतं. औषध मी घेऊन जातो. विष खाल्लेला उंदीर भिंतीत मेला तर घरात पंधरा दिवस वास, आणि बाहेर येऊन मेला तर तो खाणाऱ्या घुबडाच्या नाहीतर मांजराच्या पोटात तेच विष.

दुपारी

पाऊस. एका अंगणात घुशीची बिळं दाखवायला बोलावलं होतं. बाहेर मातीचा मोठा ढिगारा, कंपाउंडच्या पायाखाली शिरलेलं बीळ. ओळखायला अर्धं मिनिटही लागलं नाही. बाकी वेळ दुकानात.

पावणेसात

मुख्य रस्त्यावर एका शिकवणीच्या पाटीमागून काळे कागद उडाल्यासारखं काहीतरी रोज बाहेर पडतं, अशी तक्रार. पालक घाबरलेत; करोनापासून वटवाघूळ म्हटलं की लोक दार लावून घेतात. अंधार पडायच्या थोडं आधी आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहतो. दिवे लागले आणि पाटीच्या वरच्या कोपऱ्यातून पहिलं बाहेर आलं, मग एकामागून एक. माझ्या अंगठ्याएवढं अंग, पंख फडफडवत वळणं घेत दिव्याभोवतीचे किडे टिपणारी ही छोटी वटवाघळं आहेत. पाटीखाली सांडलेल्या भुग्यात पंखांची चमक आहेच.

सरांना सांगतो की ती मुलांवर झेपावत नाहीत, पण जमिनीवर पडलेलं एखादं मुलांनी हातात घ्यायचं नाही. वटवाघूळ चावलं तर रेबीजची लस लागते, त्यात हयगय नको. पाटी आत्ता काढली तर मागे चिकटलेली पिल्लं रस्त्यावर पडतील. आतून वर्गात यायची वाट मात्र आजच बुजवता येते. एसीच्या पाईपाभोवतीचं भोक, बस. सर कबूल होतात. दोन मुलं मोजायला उभी राहतात, त्यांची मोजणी जुळत नाही म्हणून भांडतात.

रात्री पावणेदहा

"भाऊ, ड्रमामागं पट्ट्यापट्ट्याचा साप गेलाय. लेकरं इथंच झोपतेत."

या फोनला मी जेवण टाकून उठतो. वाटेत तीनच गोष्टी सांगतो: दिवा चालू ठेवा, लेकरांना पलंगावर घ्या, सापावरची नजर काढू नका पण जवळ जाऊ नका.

आमच्या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीवरून येतं आणि नळाला ते कितीतरी दिवसांआड येतं. म्हणून घरोघरी निळे ड्रम आहेत, भिंतीला चिकटवून ओळीने ठेवलेले. मागे ओल, अंधार, बेडूक आणि पाली. पावसाळ्यात यापेक्षा चांगली जागा सापाला कुठे मिळणार? पाण्याची टंचाई आणि साप यांचा संबंध कुणी जोडत नाही. मला तो दर पावसाळ्यात दिसतो.

दारात माणसं जमलीत. कोणी म्हणतं कवड्या, कोणी म्हणतं मण्यार. सकाळचा कवड्या आठवून मीही आधी काही बोलत नाही. पहिला ड्रम हळूच ओढतो. साप जमिनीवरच आहे, भिंत चढण्याचा प्रयत्न नाही. काळा, निळसर झाक, तेल लावल्यासारखी चमक. पांढरे पट्टे बारीक आणि जोडीजोडीने. डोक्यापासून वीतभर अंग जवळपास कोरं. कवड्याचं नेमकं उलट असतं. पण मण्यारीच्या पिल्लांत पट्टे पुढेही असतात, म्हणून शेवटची खात्री पाठीवरून करायची. बॅटरी तिरपी धरतो. कण्यावरून गेलेली खवल्यांची एक ओळ शेजारच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी. मण्यार.

सगळ्यांना ओसरीच्या बाहेर काढतो. हुकाने तोंड पाईपाकडे वळवतो. अंधारं भोक दिसलं की ती आपणहून शिरते, पाईपाला बांधलेल्या पिशवीत उतरते. वर गाठ. मग पिशवी बरणीत. हे आता शांतपणे लिहितोय, तेव्हा घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

मग बोलायला बसतो, आणि हे बोलणं पकडण्याइतकंच महत्त्वाचं मानतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा दुखत नाही, सूज जवळपास येत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, आणि घरचे पित्त म्हणून सोडा देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. असं काही दिसलं, दाताची खूण सापडली नाही तरी, थेट घाटी रुग्णालय. तिथे प्रतिविष आणि गरज पडली तर श्वासाचं यंत्र. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवायचा नाही. जमिनीवर झोपायचंच असेल तर मच्छरदाणी, आणि तिची कड गादीखाली खोचलेली.

"हिचा जोडीदार येईल का सूड घ्यायला?" आजी विचारतात. साप सूड धरत नाही, आजी. खायला आणि लपायला जागा असेल तर मात्र दुसरा येऊ शकतो.

वनविभागाला कळवतो. मी नसलो तर त्यांच्या १९२६ वर फोन करायचा, हे घरातल्या मुलीला मोबाईलमध्ये टाकून देतो. सापाला मारणं किंवा विनापरवाना बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून माझ्या वहीत जागा, वेळ, जात, लांबी अशी नोंद होते आणि सोडतानाही विचारूनच.

आजी त्या खोलीत झोपायला तयार नव्हत्या. मग दोन शेजारी आणि मी ड्रम हलवायला लागलो. भिंतीपासून वीतभर पुढे, खाली विटा, म्हणजे मागे झाडू फिरेल. शेवटच्या ड्रमामागे नहाणी ट्रॅप निघाला, झाकण कधीच तुटलेलं, थेट मागच्या उघड्या नालीत उघडणारा. तात्पुरती त्यावर फरशी आणि वर भरलेली बादली ठेवली. माप चार इंची. सकाळी झाकण घेऊन येतो म्हणून सांगितलं.