तेल्याच्या मागावर एक दिवस

सकाळी 6.30

ऑगस्टमधला आमचा दिवस पावसावर ठरतो. रात्री सांगोल्याच्या बाजूला सरी झाल्या की सकाळी डाळिंबवाल्यांचे फोन येणारच. आज गाडीत आइसबॉक्स आहे, खाकी कागदी पिशव्या आहेत, सिकेटर आहे, सोडियम हायपोक्लोराइटची बाटली आहे आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचा नसतो. आत पाणी धरतं, पान कुजायला लागतं, आणि कुजवणाऱ्या जंतूंच्या गर्दीत खरा गुन्हेगार हाती लागत नाही. एवढी साधी गोष्ट नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते, कारण पुढचं सगळं काम त्या पिशवीवर अवलंबून असतं.

सकाळी 8.00

बागेत पोचलो, पण आत शिरलो नाही. पानं ओली असताना झाडांमधून फिरलं की बाहीला लागलेलं पाणी पुढच्या झाडाला पुसलं जातं आणि त्याबरोबर जिवाणूही. बांधावरच थांबायचं, ऊन येऊ द्यायचं.

बागेचे मालक तात्या शेजारी येऊन उभे राहिले. अडीच एकर भगवा जातीचं डाळिंब, मृग बहार म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलांचा बहार धरलेला, फळं आता पेरूएवढी झालेली. चार दिवस झोप नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"मॅडम, तेल्याच हाय न्हवं? दुकानदारानं स्ट्रेप्टो काढून ठिवलंय. दोनशे लिटरच्या टाकीला किती टाकू, तेवढं सांगा."

"तात्या, आधी बघू तरी द्या."

"बघायचं काय त्यात? डाग हाय म्हंजी तेल्या."

त्यांची घाई मला कळते. 2000 नंतरच्या दशकात या रोगाने इथल्या चांगल्या चांगल्या बागा काढायला लावल्या. ज्याने बापाची बाग कुऱ्हाडीखाली गेलेली पाहिली, तो प्रत्येक डागात तेल्याच बघणार. पण डाळिंबावर डाग पाडणारे अनेक आहेत. तेल्या हा झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा, करपा कोलेटोट्रिकम बुरशीचा, आणि सरकोस्पोराचे ठिपके निराळेच. स्ट्रेप्टोसारखं जिवाणूवर चालणारं प्रतिजैविक बुरशीला काही करत नाही. निदानाआधी फवारणी केली की पैसा जातो, आठवडा जातो, आणि रोग तेवढ्यात पुढच्या ओळीत पोचतो.

साडेनऊला पानं सुकली. पहिलं पान तोडून उन्हाकडे धरलं. डाग कडेला पिवळसर, मधे प्रकाश आरपार येणारा, कागदावर तेल सांडल्यावर येतो तसा. हे तेल्याचं लक्षण. खोडाच्या पेऱ्यावर काळपट चीर होती, तीही तेल्याचीच. असं पेर पूर्ण वेढलं गेलं की वरची फांदी वाऱ्याने मोडते. पण विहिरीकडच्या ओळीतल्या फळांवरचे डाग वेगळे वाटले. तेल्याचा डाग फळावर वाढला की साल इंग्रजी एल किंवा वायच्या आकारात तडकते. इथे तडे नव्हते, खोलगट तपकिरी वर्तुळं होती. डोळ्यांवर इथपर्यंतच भरवसा ठेवायचा. दोन्हीकडचे नमुने वेगळे भरले, प्रत्येक झाडानंतर सिकेटर हायपोक्लोराइटमध्ये बुडवून.

सकाळी 11.40

प्रयोगशाळा. आल्या आल्या सूक्ष्मदर्शक. दिवसातलं माझं सगळ्यांत आवडतं काम हे.

डागाच्या कडेचा, म्हणजे अर्धा आजारी आणि अर्धा निरोगी असा, दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा ब्लेडने कापायचा. मधला मेलेला भाग घेतला तर तिथे जिवाणू कमी आणि नंतर आलेले उपरे जास्त सापडतात. तुकडा स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर कव्हरस्लिप. मग काही मिनिटं हात बांधून बसायचं. पहिल्यांदा फक्त कापलेली कड दिसते. हिरव्या पेशी, दोन-चार हवेचे बुडबुडे. मग त्या कडेतून काहीतरी हलायला लागतं. ओल्या लाकडातून धूर निघावा तसा एक करडा लोट पाण्यात पसरत जातो. तो थांबत नाही. भिंग वाढवलं की कळतं, हा लोट म्हणजे अगणित जिवाणू आहेत. पानाच्या पेशींमधल्या फटींत दाटीने भरलेले असतात, कापल्याबरोबर वाट मिळेल तिथून बाहेर पडतात. आम्ही याला ऊज म्हणतो. ऊज दिसली की रोग जिवाणूजन्य आहे याबद्दल फार शंका उरत नाही.

पानाच्या नमुन्यातून ऊज आली. विहिरीकडच्या फळाच्या सालीतून आली नाही. बराच वेळ पाहिलं, तुकडा बदलला, पुन्हा पाहिलं. सालीवरच्या खरवडीत मात्र दंडगोल, पारदर्शक, एकपेशी बीजाणू भरपूर होते. कोलेटोट्रिकम. एकाच बागेत, एकाच पावसात, दोन वेगळे रोग.

दुपारी 1.15

डबा. त्याच वेळात दोन फोन.

दुपारी 2.00

लॅमिनारसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर बसले. पानाचा तुकडा हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात बुडवायचा, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवायचा, थेंबभर पाण्यात ठेचायचा, आणि ते पाणी लूपने प्लेटवर ओढायचं. प्लेट 28 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. तीन दिवसांनी पिवळ्या, चमकदार, फुगीर वसाहती यायला हव्यात. तीन दिवसांचं काम तीन दिवसांनीच होतं, शेतकरी कितीही घाईला आला तरी.

मागच्या आठवड्याच्या प्लेटवर तशा वसाहती आलेल्या आहेत. त्यांची एक जुनी, स्वस्त, पण मला फार भरवशाची वाटणारी चाचणी केली. स्लाइडवर 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, त्यात टूथपिकने थोडी वसाहत ढवळली आणि टूथपिक हळूच वर उचललं. तार आली. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूची भिंत या क्षारात फुटते, आतला डीएनए बाहेर येतो आणि द्रव चिकट होतो. ती तार म्हणजे त्या जिवाणूचा डीएनए. शाळेतल्या मुलांना मी हेच दाखवते. कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा त्यांच्या लक्षात हे राहतं.

वनस्पतींनाही जिवाणूंमुळे रोग होतो हे जगाला पटायला वेळ लागला. अमेरिकेत टॉमस बरिल यांनी 1880 च्या सुमारास नासपतीच्या करप्यामागे जिवाणू असल्याचं दाखवलं, तरी युरोपातले काही मोठे शास्त्रज्ञ पुढची वीस वर्षं मान डोलवायला तयार नव्हते. आपल्याकडे या शास्त्राचा पाया घातला गेला तो पुण्यात. कृषी महाविद्यालयातले एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी 1940 आणि 50 च्या दशकांत झँथोमोनासचे किती तरी प्रकार शोधून त्यांची वर्णनं लिहिली; त्यांतला आंब्यावरचा 1948 सालचा. डाळिंबावरचा जिवाणू आधी दिल्लीत नोंदला गेला आणि 1959 मध्ये त्याचं नामकरण झालं. पुण्यातल्या या कामाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय, याची मला खंत वाटते.

दुपारी 4.00

पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी. आजचे नमुने एका रोपवाटिकेच्या मातृवृक्षांचे. डाळिंबाची रोपं गुटी बांधून करतात, त्यामुळे आईच्या फांदीत जिवाणू दबून बसलेला असेल तर तो लेकराबरोबर नव्या तालुक्यात जातो. झाड वरून निरोगी दिसतं. जिवाणूच्या गायरेज बी या जनुकाचा ठरावीक तुकडा जेलवर दिसला तर त्या झाडाची गुटी बांधायची नाही, एवढं स्पष्ट लिहून द्यायचं. आज एका झाडाच्या नमुन्यात तो पट्टा दिसला. मालकाला नको असलेली बातमी आहे, पण एका मातृवृक्षापासून वर्षभरात शेकडो रोपं जातात.

संध्याकाळी 5.15

कागदी चकत्यांच्या प्लेट्स वाचायची वेळ. वेगवेगळ्या बागांतून आणलेले जिवाणू प्लेटवर पसरले आहेत, त्यांवर स्ट्रेप्टोमायसिन भिजवलेल्या छोट्या चकत्या. चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं म्हणजे औषध जिवाणूवर चालतं. वर्तुळ लहान होत चाललं की काळजी.

हे औषध 1943 साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांना मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालं. क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध. माणसाला त्याचं इंजेक्शन देतात, जनावरांचे डॉक्टर पेनिसिलीनबरोबर गाईगुरांना देतात, आणि आपण तेच टेट्रासायक्लिनमध्ये मिसळून टाक्याच्या टाक्या बागेवर मारतो. झाडावर मारलेलं औषध पानावर, मातीवर, फवारणाऱ्याच्या अंगावर पडतं, आणि तिथे राहणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंनाही त्याच्याशी झगडायला लावतं. मिशिगनच्या सफरचंदाच्या बागांत झाडांच्या रोगजंतूत स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी जी जनुकं सापडली, जवळजवळ तीच जनुकं माणसांच्या आणि जनावरांच्या जिवाणूंतही आढळली. जनुकं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, तेव्हा तो बागेतला की दवाखान्यातला हे ती विचारत नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने या औषधाचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. मला विचाराल तर कागदावरच्या आदेशाइतकंच बांधावर निदान पोचणं गरजेचं आहे. काय झालंय हे वेळेत कळलं तर कुठला शेतकरी उगाच पाचशे रुपये टाकीत ओतेल?

आजच्या एका प्लेटवर वर्तुळ नेहमीपेक्षा लहान आहे. पट्टीने मोजलं, नोंदवलं, उद्या पुन्हा लावायचं. एका प्लेटवरून निष्कर्ष काढत नाही.

संध्याकाळी 6.30

वापरलेल्या प्लेट्स, टिप्स, हातमोजे ऑटोक्लेव्हमध्ये. 121 अंश, 15 पौंड दाब, 20 मिनिटं. झँथोमोनास माणसाला काही करत नाही, पण शेजारच्या बागेला करतो. इथला एकही जिवाणू जिवंत बाहेर जाता कामा नये.

संध्याकाळी 7.10

तात्यांना फोन.

"तात्या, पानावर तेल्याच आहे. पण विहिरीकडच्या फळांवर करपा आहे, बुरशी. पक्कं निदान तीन दिवसांनी कळवते, पण एवढं आजच सांगते."

"मग स्ट्रेप्टो?"

"करप्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. तेल्यावरही पहिलं काम हातानं करायचं. डाग पडलेली फळं, पानं तोडून खड्ड्यात पुरा, ओळीत टाकून ठेवू नका. मग अर्धा टक्का बोर्डो. तो दोन्हीवर चालतो."

"आन् पुढं?"

"या बहारानंतर बागेला पुरती विश्रांती द्या, आणि पुढचा बहार हस्ताचा धरा. फळ कोरड्या हवेत वाढतं, तेल्याला वाव कमी."

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मृगाच्या फळाला मिळणारा भाव त्यांच्या डोक्यात फिरत असणार, आणि तो हिशेब खोटा नाही. हस्ताला उन्हाळ्यात पाणी लागतं, ते कुठून आणायचं हा प्रश्नही खरा आहे. त्याचं उत्तर माझ्या प्रयोगशाळेत मिळत नाही. शेततळ्यात मार्चपर्यंत किती पाणी उरतं ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. उद्या जलसंधारणाचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याशी बोलायचं ठरलं.

"बरं, बोर्डो आता कालवून ठिवतो, सकाळी मारतो."

"आता नको. सकाळीच बनवा आणि त्याच दिवशी संपवा, शिळा चालत नाही. अर्धा किलो मोरचूद, अर्धा किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवा, मग एकत्र करा. झालं की लखलखीत लोखंडी विळा क्षणभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घाला, नाहीतर पानं जळतील. आणि पानं सुकल्याशिवाय पंप घेऊन आत जाऊ नका."

"साडेनवाला जातो मग."

"हां, साडेनऊलाच."