चपला बाहेर, पासवर्ड आत

कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब शोधायला पाटी वाचावी लागत नाही. ज्या दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग पडलेला असेल, ती लॅब. आत शिरलं की भिंतीवर नियमांचा फलक असतो आणि तो शेवटचा कुणी वाचला होता हे कुणालाच सांगता येत नाही.

छत्तीसगढमधल्या भिलाईच्या कोहका भागात असे ढीग पुष्कळ. पोलादाच्या या गावात पहिली झोतभट्टी १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अभियांत्रिकी शिक्षणाची गर्दी बरीच नंतर झाली. दुर्गचं बीआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८६ चं. २००५ मध्ये छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ उभं राहिलं आणि राज्यातली अभियांत्रिकी महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली आली. कोहका-कुरूद रस्त्यावर रुंगटा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि तिथून फार लांब नसलेल्या कुटेलाभाठ्यात २०१६ साली सुरू झालेली भिलाई आयआयटी आता स्वतःच्या आवारात नांदते आहे. नागपूर-गोंदियाकडच्या मराठी मुलांना हा मुलूख परका नाही. १९५६ पर्यंत छत्तीसगढ आणि विदर्भ एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर.

तर तो फलक. त्यावरचे नियम एका दिवसात कुणी लिहिलेले नसतात, ते थरावर थर चढत गेलेले असतात. सगळ्यात जुना थर चपलांचा. जुनी यंत्रं खोलीभर पसरलेली, थंड हवेवर जगणारी असत. पुढे फ्लॉपी आल्या, त्यांना धुळीचा कण खपत नसे. आजची हार्ड डिस्क बंदिस्त असते, एसएसडीला तर फिरणारा भागच नाही. मग चपला कशाला काढायच्या? खरं सांगायचं तर अर्धं कारण उरलं आहे आणि अर्धी सवय. धूळ पंख्यावर आणि जाळीवर साचते, आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या गावात ‘सर, सिस्टम हँग हो गया’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

दुसरा थर वेळेचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या पथकाने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे सगळी मिळून दहा किलोबाइट. व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या ‘सुप्रभात’च्या फुलांनाही याहून जास्त जागा लागते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरातल्या संस्था त्यावर आपली गणितं सोडवून घेऊ लागल्या. पंच कार्डांचा गठ्ठा द्यायचा, रांग पुढे सरकेपर्यंत थांबायचं. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर गठ्ठा दुरुस्त करून पुन्हा रांगेच्या शेपटाला. नोंदवहीत नाव, वेळ आणि सही करण्याचा रिवाज अशा टंचाईतून आलेला आहे.

टंचाई आली की पळवाट आलीच. अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायचं, प्रत्येकाची फाइल वेगळी, प्रत्येकाचा वेळ मोजलेला, आणि आपल्या खात्याला कुलूप म्हणून पासवर्ड. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला मिळालेले तास पुरेनात. त्याने शुक्रवारी रात्री एका पंच कार्डावरून सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापायला टाकली, शनिवारी सकाळी ती उचलली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम चालू ठेवलं. कबुली दिली ती पाव शतकानंतर. १९६६ मध्ये तर त्याच यंत्रावर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉग इन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्डच टर्मिनलवर उमटू लागले.

लॅबमधल्या पासवर्डाचं मूळ हे असं आहे. प्रत्येकाची फाइल आणि वेळ वेगळा राहावा म्हणून तो आला. आपल्याकडे मात्र अजून ‘तुझा पासवर्ड दे रे, माझा चालत नाही’ हे पेन मागितल्यासारखं सहज विचारलं जातं. आता लॅबमधून केलेल्या कामाची नोंद सर्व्हरवर खात्याच्या नावाने होते, खुर्चीत बसलेल्याच्या नावाने नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. चपलांचा नियम फलकावर सगळ्यात वर आणि ठळक, अन् पासवर्डचा नियम खाली कुठेतरी बारीक अक्षरात, हा क्रम उलटायला हवा.

नव्या विद्यार्थ्याला पहिला फटका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. प्रॅक्टिकलचा प्रोग्रॅम लिहिला, डेस्कटॉपवर सेव्ह केला, दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर काही नाही. चोरी झालेली नसते. अनेक लॅबमध्ये डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं आणि यंत्र रीस्टार्ट झालं की ते सगळं आधी ठरवून ठेवलं होतं तसं करून ठेवतं. व्हायरस गेला, कुणी बदललेला वॉलपेपर गेला, त्याबरोबर तुमचं जर्नलही गेलं. म्हणून फाइल ठेवायची ती सर्व्हरवरच्या आपल्या फोल्डरमध्ये. तिथेही प्रत्येकाला जागेची मर्यादा असते. लिनक्समध्ये ती दुहेरी लावता येते: मऊ मर्यादा ओलांडली तर काही दिवसांची सवलत, कडक मर्यादेपुढे मात्र एक अक्षरही लिहिलं जात नाही.

महागड्या सॉफ्टवेअरची गोष्टही अशीच. साठ यंत्रांवर ते बसवलेलं दिसतं, पण परवाने पंचवीसच असले तर सव्विसाव्याला पडद्यावर नकार येतो. यंत्र बिघडलेलं नसतं. कुणीतरी प्रोग्रॅम उघडा ठेवून चहाला गेलेलं असतं.

यावर उतारा आहे आणि तो फुकट आहे. मुंबई आयआयटीचा फॉसी प्रकल्प आकडेमोडीसाठी मॅटलॅबऐवजी सायलॅब, रासायनिक प्रक्रियांसाठी डीडब्ल्यूसिम, इलेक्ट्रॉनिक्ससाठी ईसिम अशी मुक्त सॉफ्टवेअर महाविद्यालयांपर्यंत नेतो. ती कितीही यंत्रांवर बसवा, घरच्या लॅपटॉपवरही न्या. त्याच आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये दहाएक मिनिटांचे धडे आहेत. पडद्यावरच्या आज्ञा इंग्रजीत, समजावणारा आवाज मराठी-हिंदीसह अनेक भाषांत. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाला ही मोठीच सोय आहे, पण लॅबच्या फलकावर तिचा पत्ता क्वचितच लिहिलेला असतो. काय करू नये ते सांगणारे फलक फार, काय मिळतं ते सांगणारे थोडे.

सगळ्यांना सगळं मिळत नाही, हेही खरं. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी शिक्षणसंस्थांसाठी खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या टप्प्यात खाजगी संस्था नाहीत. त्यामुळे आयआयटीतल्या मुलाला जो शोधनिबंध एका क्लिकवर उघडतो, त्याच परिसरातल्या खाजगी कॉलेजातल्या मुलाला तो विकत घ्यायला सांगितलं जातं.

आणि मोठ्या यंत्रांपाशी पोचलं की रांग पुन्हा भेटतेच. राष्ट्रीय महासंगणक मोहीम २०१५ मध्ये जाहीर झाली, पुण्याच्या सीडॅकने बांधलेला परम ब्रह्म २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसरमध्ये बसला. अशा यंत्रांवर काम पाठवलं की वेळापत्रक आखणारा प्रोग्रॅम ते रांगेत लावतो. नुकताच ज्याने जास्त वापर केला त्याचं नाव मागे सरकतं, दिवस जातील तसा जुना वापर विसरला जातो. इथला पहिला नियम मात्र अगदी घरगुती आहे. लॉग इन केल्यावर ज्या यंत्रावर सगळे उतरतात त्याच्यावर जड गणित चालवायचं नाही, कारण ती सगळ्यांची देवडी असते. तिथे एकाने ठाण मांडलं की मागच्या पन्नास जणांना टाइप केलेलं अक्षर उमटायलाही वाट पाहावी लागते, आणि थोड्याच वेळात त्याचा प्रोग्रॅम न विचारता बंद केलेला असतो.