रोज एक फूट

पहाटे साडेपाच

कालच्या थरात नख रोवून बघणे हे दिवसाचे पहिले काम. नख लोण्यात गेल्यागत आत गेले तर भिंत अजून ओली आहे, तिच्यावर आज वजन टाकता येणार नाही. अजिबात शिरले नाही तर उलटी पंचाईत. वाळलेला थर नव्याला धरत नाही; मग पाणी शिंपडा, कोयत्याने खाचा पाडा, मातीची रबडी सारवा आणि सांधा जुळवत बसा. नखाची खूण उमटावी पण बोट दाबले तर खड्डा पडू नये, अशी मधली अवस्था हवी असते. फाल्गुनात ती एका रात्रीत येते. पौषात थंडी होती, दव पडायचे, तेव्हा भिंत दुसऱ्या दिवशीही तयार नसायची आणि सगळी माणसे माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या अलीकडे, आम्ही मातीचे घर बांधतो आहोत. नवरा शनिवार-रविवारी पुण्याहून येतो, मी इथेच असते. काळ्या दगडाचे दोन फूट उंच जोते, त्यावर ओल वर चढू नये म्हणून शहाबादीचा थर, आणि तिथून पुढे दीड फूट जाडीची मातीची भिंत. ती दिवसाला एक फूट चढते, फार तर सव्वा. घाई करून जास्त चढवली तर खालच्या ओल्या थराला भार सोसत नाही आणि भिंतीला पोट सुटते. दहा माणसे जास्त लावली म्हणून या एका फुटाचे दोन होत नाहीत. बांधकामाचे वेळापत्रक ऊन आणि वारा ठरवतात. आपण फक्त हजेरी मांडायची.

सकाळी सात

चहा होईपर्यंत आळ्याकडे एक फेरी. जमिनीत खणलेल्या या उथळ खड्ड्यात उद्या-परवाची माती आजच भिजत पडलेली असते. तिच्यात हिरड्याचे पाणी घालतो. हिरडा या डोंगरात भरपूर आहे. त्यातल्या तुरटपणाने चिकणमातीचे कण सुटे होतात, माती मऊ मळली जाते आणि वाळल्यावर घट्ट बसते. आठवडाभर भिजलेल्या मातीला जो वास येतो त्याचे वर्णन इथे करत नाही. ‘मातीचा सुगंध’ यावर कविता करणाऱ्यांनी एकदा येऊन तो घेऊन जावा.

सकाळी आठ

माणसे येतात. दोन वहिनी, एक आजी (त्या तुडवत नाहीत, पण बाकी सगळ्यांना तुडवायला लावतात), घमेली उचलायला दोघे तरुण, आणि गवंडी मामा.

सकाळचे पहिले दोन तास चिखल तुडवण्यात जातात. माती पसरायची, वाळू टाकायची, पाणी मारायचे आणि अनवाणी पायांनी नाचायचे. पूर्वी या कामाला बैल फिरवत. टाच खोल रोवून फिरवली तरच खालचा गोळा फुटतो. नुसते थबथब पाय आपटून उपयोग नाही. मग ताडपत्रीचे एक टोक धरून सगळा लगदा उलटा करायचा आणि पुन्हा तुडवायचा. वाळू आणि माती एकजीव झाली की भाताचा पेंढा मूठमूठ विस्कटून टाकायचा आणि तिसऱ्यांदा तुडवायचे. भिंतीची ताकद पेंढ्यात आहे, असे बघणाऱ्याला वाटते. तसे नाही. भार पेलते वाळू, तिला धरून ठेवते चिकणमाती. पेंढ्याचे काम भिंत वाळताना आक्रसते तेव्हाचे: तडा जाऊ लागला की काड्या तो धरून ठेवतात.

म्हणूनच माती निवडण्यावर सगळे अवलंबून असते. शेतातली काळी माती चालत नाही. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. आम्हाला टेकाडाच्या उतारावरची तांबूस माती मिळाली. काचेच्या बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. वाळू मिनिटभरात तळाला जाते, गाळ तास-दोन तासांत, आणि चिकणमाती पुढचा अख्खा दिवस पाणी गढूळ ठेवत हळूहळू बसते. थरांची उंची मोजली की वाळू किती मिसळायची ते कळते. वीस टक्क्यांच्या आसपास चिकणमाती असेल तर उत्तम. मामांना बरणी लागत नाही. ते चिमूटभर माती दातांखाली धरतात. कुरकुर ऐकतात. थुंकतात. “वाळू घाला अजून.” बरणीचे उत्तर दुसऱ्या दिवशी येते आणि मामांशी जुळते.

रोजच्या लगद्याची परीक्षा सोपी. गोळा करून कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर कोरडा, भाकरीसारखा पसरला तर पातळ, नुसता बसका झाला तर बरोबर.

सकाळी दहा

आता भिंत. खालून गोळे फेकले जातात, वर मामा आणि मी ते झेलून बसवतो. गोळा ठेवायचा नसतो, हाणायचा असतो. मग अंगठ्याने आणि लाकडी खुंटीने खालच्या थरात शिवायचा. दर थोड्या वेळाने मामा ओळंबा सोडतात. माती सरळ राहत नाही, ती किंचित बाहेर झुकायला बघते, म्हणून भिंत वर निमुळती घेत न्यायची.

आज खिडक्यांच्या खालच्या पातळीवर लाकडी पट्टा बसवला. दोन समांतर लाकडे, मधे आडव्या पट्ट्या, शिडी आडवी टाकावी तसे, आणि चारही कोपऱ्यांत सांधे पक्के. असाच दुसरा पट्टा दारे-खिडक्यांच्या डोक्यावर येईल. हा घराचा कमरपट्टा आहे. जमीन हलली तर चार भिंतींनी चार दिशांना जाऊ नये, यासाठी तो. मामांनी ११ डिसेंबर १९६७ची कोयनेच्या भूकंपाची पहाट लहानपणी अनुभवली आहे, त्यामुळे लाकडाच्या खर्चावरून त्यांनी कुरकुर केली नाही.

किल्लारीच्या भूकंपात माणसे मातीने मारली, हा समज महाराष्ट्रात घट्ट बसला आहे आणि मातीच्या घराचा विषय काढणाऱ्याला त्याला तोंड द्यावेच लागते. ३० सप्टेंबर १९९३ला पडलेल्या तिथल्या बहुतेक भिंती मुळात दगडांच्या होत्या. बाहेरून एक थर, आतून एक थर, पोटात बारीक दगड आणि माती, आणि दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड नाही. त्यावर कित्येक पिढ्यांनी गळती थांबवायला माती टाकत टाकत जाड केलेले माळवद. थर फाकले आणि तो डोंगर झोपलेल्यांवर आला. भार डोक्यावर आणि बांधणी कुठेच नाही, अशी ती घरे होती. मातीच्या घरांना भूकंपात तगवण्यासाठी काय करावे याची मार्गदर्शक संहिता, आयएस १३८२७, भारतीय मानक ब्यूरोने नेमकी त्याच वर्षी काढली. तिच्यातली मुख्य गोष्ट हा पट्टाच. आमचे छप्पर कौलांचे आणि हलके असेल. तरी मातीचे घर कुठेही, कसेही चालते असे मी म्हणणार नाही. भूकंपाच्या पट्ट्यात दुमजली मातीचे घर बांधायला निघालेल्या पुण्याच्या हौशी लोकांना पाहून मला धडकी भरते.

दुपारी एक

आंब्याखाली जेवण. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कुणाची तरी वाटाण्याची उसळ.

समोरच्या आळीत आजींचे घर आहे. म्हणजे होते. भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या विटांच्या भिंतींचे, साठी ओलांडलेले ते घर याच हंगामात उतरवले, कारण आजींच्या मुलाला सरकारी योजनेतून घरकुल मंजूर झाले. योजनेचे मूळ अनुदान सपाटीला १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. कागदावर त्यांचे जुने घर कच्चे. नवे पक्के म्हणजे नीट राखले तर निदान ३० वर्षे टिकणारे, अशी योजनेची व्याख्या आहे. आजी सून म्हणून ज्या घरात आल्या त्याने तेवढी वर्षे दोनदा काढली, पण तशी नोंद घ्यायला त्या अर्जात रकाना नाही.

उतरवलेल्या घराचे सागवानी वासे आम्ही विकत घेतले. मंगलोरी कौलेही घेतली. बासेल मिशनने १८६५मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ती इकडच्या घरांवर चढत आली आहेत. आणि भिंतीची मातीही घेतली. भेंडे फोडून आळ्यात टाकले आणि दोन रात्रींत त्यांचा पुन्हा चिखल झाला. आतला पेंढा पिवळाच्या पिवळा. सिमेंटची भिंत पाडली तर उरतो तो राडारोडा. ही भिंत जशीच्या तशी दुसऱ्याच्या भिंतीत गेली.

आजींना याचे काही कौतुक नाही. “आमी ज्यातनं सुटलो त्यात तुमी शिरताय व्हय?” त्यांनी पहिल्या दिवशीच विचारले होते. मग दरवर्षी दिवाळीच्या आत भिंती लिंपायच्या, आठवड्याला सारवायचे, पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून गवताचे कूड बांधायचे, उंदीर, वाळवी. “समदं बाईच्या हातानं. गडीमाणूस कौलं चाळायला तेवढा वर चढायचा.” याला माझ्यापाशी उत्तर नाही. तीन फूट पुढे काढलेल्या पागोळ्या आणि चुन्याचा गिलावा यांनी लिंपण बरेच कमी होईल, एवढेच मी म्हणू शकते.

त्यांचे ते घर बांधले कसे, हे आज मी पुन्हा विचारले. त्या म्हणाल्या, सासऱ्यांनी इर्जिक घातली होती. आख्खी आळी आली, बैल आले, चिखल तुडवला, भेंडे पाडले, आणि शेवटी सगळ्यांना मटणाचे जेवण. नंतर त्यांनी इतरांच्या भिंतींना हात लावला. म्हणजे मातीचे घर स्वस्त होते ते माती फुकट होती म्हणून तेवढेच नाही. हात उसने मिळत होते. आता इर्जिक कुणी घालत नाही, घातली तर कुणी येणार नाही, आणि का यावे? प्रत्येकाला रोजच्या रोखीचे काम आहे. आज इथे सिमेंटच्या एका पोत्याची किंमत आणि बाईची दिवसाची मजुरी जवळजवळ सारखीच पडते. ते एक पोते जेवढी भिंत उभी करते तेवढी भिंत तुडवून, फेकून, शिवून काढायला किती दिवस जातात, याचा हिशेब आजींना माझ्याहून चांगला कळतो. सिमेंट करायला भट्टी साधारण १,४५० अंशांवर तापवावी लागते. त्या जागी आम्ही माणसांच्या पायांची ताकद घालतो. हवेला ते बरे आहे. पण त्या पायांचे मोल जो देऊ शकतो त्यालाच हे घर परवडते. गावातून मातीची घरे उतरताहेत आणि शहरातून आलेले लोक ती बांधताहेत, यातली गोम हीच.

दुपारी अडीच

उन्हात भिंतीला हात लावायचा नाही. सकाळचा थर गोणपाटाने झाकलेला असतो, नाही तर वरची कड आधी वाळते आणि तडकते.

ही वेळ चुन्याची. टाकीत पाणी घेऊन चुनकळी टाकली की ती खदखदून उकळते. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय मी कुणाला जवळ येऊ देत नाही. मग महिनाभर पाण्याखाली मुरवायची. गिलावा चुन्याचाच हवा. सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीचा श्वास कोंडतो, ओल आत अडकते आणि काही वर्षांत पापुद्रा सुटून पडतो.

वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) सांगत असत की घराचे सामान पाच मैलांच्या परिसरातले असावे ही कल्पना त्यांना गांधीजींनी दिली. आमचा चुना त्या परीक्षेत सपशेल नापास, तो राजस्थानातून येतो. दख्खनचा काळा पाषाण चुना देत नाही. जुने लोक ओढ्याकाठचे चुनखडीचे खडे वेचून भट्टीत भाजत, पण ती भट्टी लावणारा आता जवळपास कुणी नाही. न्हाणीघरात तर आम्ही सरळ सिमेंट वापरले आहे. तिथे रोज पाणी सांडणार, आणि तत्त्वासाठी ओली भिंत झेलण्यात मला काही मोठेपणा दिसत नाही.

बाकी वेळ बांबूची उलथापालथ. बोरिक पावडर आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवलेले बांबू फिरवायचे. बांबूत पिठूळ अंश असतो, तो खायला भुंगा येतो, आणि पहाटे खाली पिवळी पूड दिसली की समजायचे तो पोचला.

दुपारी साडेचार

पुण्याहून पाहुणे. फोटो. “पावसात विरघळणार नाही का?” हा पहिला प्रश्न आणि “खूप स्वस्त पडलं असेल ना?” हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी जोते आणि पागोळ्या दाखवून देते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला आजींना पुढे करते. त्या जे बोलतात ते पाहुण्यांना पूर्ण समजत नाही, ते बरेच आहे.

संध्याकाळी सहा

थर आता कापण्याइतका घट्ट झाला. ओळंब्याच्या रेषेबाहेर आलेली माती धारदार फावड्याने तासायची, तासलेली परत आळ्यात. वरच्या अंगाला बोटांनी भोके पाडायची, म्हणजे उद्याचा थर त्यांत रुतेल. ओले गोणपाट. आळ्यात उद्याचे पाणी. मजुरीचे पैसे.

बायांना पुरुषांइतकीच मजुरी द्यायची हे आम्ही सुरुवातीलाच ठरवले, कारण तुडवण्याचे निम्म्याहून जास्त काम त्याच करतात. त्यावरून आळीत बरीच बोलणी झाली. “ताई, तुमी गेल्यावर आमाला हाच दर मागतील,” असे एका बागाईतदार काकांनी रस्त्यात थांबवून सुनावले. मी म्हटले, मागू देत.

रात्री नऊ

खिडकीच्या पट्ट्यापर्यंत भिंत आली. आढ्यापर्यंत निम्मी उंची शिल्लक आहे, मग चुना, मग कौले, आणि मृग ठरल्या वेळी येणार. उद्याचा थर चढवण्याआधी पश्चिमेकडच्या खिडकीची चौकट जागेवर उभी लागते. सुतार होळीच्या आधीपासून ती ‘उद्या’ आणतो आहे. आत्ता फोन केला तर रिंग जाते आहे, उचलत नाही. सकाळी मोटारसायकल काढून त्याच्या दारात जाऊन बसणार.